मदत हवी आहे: स्टुडिओचे तास मोजके, ट्रिमिंग, कान आणि ग्लेझ कसं बसवायचं?

मंडळी, मी चाकावर मातीचे कप, वाट्या, बरण्या करून विकते. स्टुडिओ सामायिक आहे. माझ्या वाट्याला मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ येते. तास वाढणार नाहीत, हे धरूनच सुचवा.

हात चालतो, अडतं ते वाळण्यापाशी. रविवारी चाकावरून उतरवलेले कप मंगळवारी ट्रिमिंगला, म्हणजे बुडं तासायला, नेमके आलेले असतात. पण बुडं तासून होईतो संध्याकाळ संपते आणि कान राहतात. गुरुवारी बघावं तर काठ वाळून पांढरा पडलेला, बूड अजून ओलं, गारच. अशा कपाला ओला कान लावला की जोड हमखास उलतो. कपाची आकसण बरीचशी होऊन गेलेली असते, कानाची सगळी बाकी असते. प्लास्टिकखाली ठेवले तरी कडेचे कप वाळतातच.

आता झाकणाच्या डब्यात तळाला प्लास्टर ओतून, ते भिजवून, त्यात कप ठेवायचा विचार आहे. असा डबा कुणी नेमाने वापरतं का? त्यात गुरुवारपर्यंत कान लावण्याजोगे राहतील? की कपच कमी काढून ट्रिमिंग आणि कान एकाच संध्याकाळी उरकावेत? (शहाणपण दुसऱ्यातच आहे हे कळतं, पण ऑर्डर असली की चाकावरून उठवत नाही.)

दुसरं ग्लेझचं, म्हणजे भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाचं. बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भट्टीत भांडी एकात एक रचता येतात, ग्लेझच्या भट्टीत टेकली की चिकटली. त्यामुळे बिस्क झालेला माल फळीवर साठत जातो. एक मैत्रीण म्हणते, साठू दे. महिन्यातून एक आठवडा चाकाला हात लावू नकोस, फक्त ग्लेझ कर. बिस्क माल खराब होत नाही, धूळ तेवढी ओल्या स्पंजने पुसायची, नाहीतर भट्टीत ग्लेझ तिथून मागे सरकून गोळा होतं. बादल्याही एकदाच ढवळायच्या, गाळायच्या. पटतं, पण सगळा माल एका पाठोपाठच्या भट्ट्यांत गेला आणि बादलीतलं ग्लेझ दाट झालेलं असलं तर? नमुन्याचे तुकडे भाजून पाहते, तरी धाकधूक असतेच. शिवाय १२२० अंशांची भट्टी थंड होऊन उघडायची वेळ माझ्याच दिवशी यायला हवी.

असा ग्लेझचा आठवडा वेगळा काढणारे कुणी आहेत का? तुम्ही सगळी भांडी एकाच भट्टीच्या भरवशावर सोडता, की थोडी मागे ठेवता?