मदत हवी आहे: बाक्स्तच्या अग्निपक्ष्याचं चित्र टेलरमास्तरांना कसं समजावू?

आमच्या बालनाट्याच्या गटात रशियन लोककथेतल्या अग्निपक्ष्यावर नाटक बसतंय आणि वेशभूषा माझ्याकडे आहे. १९१० साली दिआघिलेव या रशियन निर्मात्याच्या नृत्यमंडळींनी पॅरिसच्या ऑपेरात याच कथेवर बॅले केला. नेपथ्य आणि बरेचसे पोशाख चित्रकार गोलोविनचे होते, पण खुद्द अग्निपक्ष्याचा पोशाख लेओन बाक्स्त या दुसऱ्या चित्रकारानं काढला. ते चित्र महिनाभर माझ्या टेबलावर आहे. डोक्यावर पिसांचा तुरा, लांबच लांब वेण्या, केशरी-सोनेरी झळाळी. त्यातली बाई नुसती उभी नाही, ती गिरकी घेतेय आणि कपडाही तिच्याबरोबर फिरतोय.

मास्तरांना प्रिंट दाखवली. ते म्हणाले, "ताई, यात शिवण कुठंय? पाठ कशी घ्यायची?" मला काहीच सांगता येईना. मी स्वतः काढलेली चित्रं बेतायला सोपी असतात, पण बाहुलीला कपडे चढवल्यासारखी दिसतात. चित्रात जीवही राहील आणि कापडही बेतता येईल, असं कसं काढू? शिवाय मुलगी नऊ वर्षांची आहे, पोशाख जड होऊन चालणार नाही.

प्रतिसाद १:
दोन कागद करा. पहिल्यावर पात्र, हालचालीसकट. दुसऱ्यावर तोच पोशाख सपाट, पुढून आणि मागून, मापं लिहून, कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचून. मास्तरांना दुसरा द्या, पण पहिला शिवणयंत्रासमोर लावून ठेवायला सांगा. घेर किती सुटायला हवा ते त्यांना त्यातूनच कळेल.

प्रतिसाद २:
वजनाचं म्हणाल तर भरतकाम टाळा. १९१३च्या, याच मंडळींच्या 'वसंतोत्सव' बॅलेत रोरिक या रशियन चित्रकारानं (हेच पुढे कुलूजवळ नग्गरला राहिले) लोकरी अंगरख्यांवर साच्यानं रंगाची नक्षी उठवली होती. लांबून ती छान उठून दिसते. लोकर मात्र नको, नाचणारे त्यात उकडून निघाले होते! तुम्ही मलमलीवर कापडाच्या रंगानं साचे मारा. पिसं फक्त तुऱ्यात आणि खांद्यावर.

आणि मागचा पडदा कुठल्या रंगाचा आहे? गोलोविनची बाग जुन्या गालिच्यासारखी, दाट आणि दबलेल्या रंगांची होती. त्यापुढे केशरी रंग पेटतो. बाक्स्तचं चित्र एकटं बघू नका.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. पडद्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचा पडदा पिवळा आहे, सूर्योदयाचा! आजच नेपथ्यवाल्या दादांशी बोलते, गडद हिरवा मिळतो का बघू. दोन कागदांचं काम रात्री सुरू करते. मलमलीवर साच्याचा रंग पसरू नये म्हणून काय करता, तेवढं कुणी सांगाल का?