बाळाला दूध पुरत नाहीये असं वाटतंय

(सोसायटीचा महिला ग्रुप, मे महिना)

ए-४०३ लेक, पहाटे २:५०
कुणी जागं आहे का? एवढ्या रात्री मेसेज करतेय, माफ करा. आज नववा दिवस. बाळ दर तास-दीड तासाला उठतंय. घेतलं की दहा मिनिटं ओढतं, झोपतं, खाली ठेवलं की परत रडायला सुरू. उजव्या बाजूला चीर पडलीय, बाळानं तोंड लावलं की डोळ्यांत पाणी येतं. दूधच पुरत नाहीये बहुतेक.

ए-४०३ लेक, २:५३
आई आत्ताच आडवी झालीय, तिला उठवावंसं वाटेना.

सी-२०२, ३:०५
मी जागी आहे गं, माझंही पाजणं चाललंय. तू जागी आहेस तोवर बाळाला उघडंच छातीवर घे, वरून पातळ दुपटं टाक. सकाळी येते मी.

बी-१०१ सिस्टर काकू, ५:४०
पोरी, आत्ता वाचलं. रडण्यावरून दुधाचा हिशेब करू नकोस. काल दिवसभरात लंगोट किती ओले झाले? शी कसली? वजन जन्माला किती, आता किती?

ए-४०३ लेक, ५:५२
सात-आठ ओले. शी पिवळी, पातळ. जन्माला २ किलो ९००, परवा दवाखान्यात २ किलो ७८० भरलं. कमी झालंय ना काकू?

बी-१०१ सिस्टर काकू, ६:०४
सगळ्याच बाळांचं होतं. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दहाएक टक्क्यांच्या पुढं गेलं तर आम्ही काळजी करतो. दहा ते चौदा दिवसांत ते भरून येतं. पाच दिवसांनंतर रोज सहा किंवा जास्त लंगोट ओले आणि शी पिवळी, म्हणजे दूध पोटात जातंय. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं या वयात नेहमीचंच. आणि रात्रीचं पाजणं चुकवू नको, दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

मला काळजी तुझ्या चिरेची आहे. बाळ नुसतं बोंड चोखत असणार. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागू दे, मान वळलेली नको. नाक बोंडासमोर आण, ओठाला हलकं टेकव आणि थांब. आ मोठा वासला की बाळाला छातीकडं आण, तू बाळाकडं वाकू नकोस, कंबर जाईल. हनुवटी छातीला टेकलेली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या ओठाकडं जास्त दिसला पाहिजे. दुखतच राहिलं तर तसंच सोसू नकोस. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव, परत लाव. पाजून झालं की स्वतःचंच दोन थेंब दूध चिरेवर लावून वाळू दे. साबण नको.

ए-४०३ लेक, ६:११
टाक्यांमुळं मांडीवर घेताच येत नाही हो.

बी-१०१ सिस्टर काकू, ६:१३
मग काखेखाली घे. बाळाचे पाय तुझ्या पाठीकडं, खाली दोन उशा. नाहीतर कुशीवर झोपून पाज. दोन्ही दाखवते येऊन.

ए-३०१ वहिनी, ७:२०
एवढा उन्हाळा आहे, घसा सुकत असेल लेकराचा. चमचाभर पाणी द्या की. आणि दूध खरंच कमी असेल तर गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरनं म्हशीचं ताजं आणून, पाणी घालून द्यायचं. आमची पोरं त्यावरच वाढली.

बी-१०१ सिस्टर काकू, ७:४५
वहिनी, मायेनं सांगताय, पण पाणी सहा महिन्यांपर्यंत नाही. अंगावरच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं, कडक उन्हाळ्यातही पुरतं. पाण्यानं पोट भरलं की बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध कमी होतं. गाई-म्हशीचं दूध प्यायला द्यायचं ते वर्ष झाल्यावर.

गंगावेशीचं नाव काढलंत म्हणून सांगते. तुमचं माहेर तिथलंच, कट्ट्यावर म्हैस धारेला उभी राहते ते लहानपणापासून बघितलंय तुम्ही. गवळी आधी तिला थोपटतो, पुढ्यात आंबोण ठेवतो. कुणी आरडाओरडा केला, कुत्रं अंगावर धावलं, की ती पान्हा चोरते. कासेत दूध असतंच, ती सोडत नाही. बाईचंही तेच आहे. दुखणं, धास्ती, अपुरी झोप, की पान्हा लवकर फुटत नाही. वॉर्डात ३१ वर्षं हेच बघितलं मी. जनावराला आपण एवढं जपतो, आणि बाळंतिणीच्या उशाशी बसून जो येईल तो विचारतो, "दूध येतंय का गं?" आठवडाभर हा प्रश्न कुणी विचारू नका तिला. हात जोडून सांगते.

ए-३०१ वहिनी, ७:५८
काल मीच विचारलं होतं. वाईट हेतू नव्हता. आज दुपारी अळणी रस्सा पाठवते, चालेल ना?

बी-१०१ सिस्टर काकू, ८:०१
चालेल की, पळेल! अळीवाची खीर, डिंकाचे लाडूही खाऊ दे. अंगात ताकद येते. पण दूध वाढतं ते बाळानं ओढून आणि छाती रिकामी होऊन.

सी-२०२, ८:३०
मी एक सांगू? मला खरोखरच कमी आलं होतं. थायरॉईड निघाला. काकूंनीच डॉक्टरांकडं पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, तोवर डॉक्टरांनी सांगितलं तेवढी पावडर वाटी-चमच्यानं दिली, अंगावरही पाजत राहिले. तेव्हा नातेवाइकांत फार ऐकून घेतलं. आज माझं बाळ सात महिन्यांचं आहे. तुझं कमी पडलंच तर तोही मार्ग आहे, तुझा दोष नसतो त्यात.

ए-४०३ लेक, ११:१०
काकू, उजवी बाजू दगडासारखी झालीय. मालीशवाल्या मावशी म्हणतात जोरात चोळून गाठ फोडते.

बी-१०१ सिस्टर काकू, ११:१२
नको नको! चोळून आत सूज वाढते. पाजायच्या आधी हातानं थोडं दूध काढ, काळा भाग मऊ झाला की बाळाला धरता येईल. पाजून झालं की गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेव. त्या बाजूचं पाजणं थांबवू नको. थंडी वाजून ताप आला किंवा लाल चट्टा पसरायला लागला, तर आजच डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही. मी निघाले, दार उघडं ठेव.

ए-४०३ आई, दुपारी १:२५
सगळं आत्ता वाचलं. ही जन्मली तेव्हा मलाही असंच झालं होतं. सासूबाई म्हणाल्या दूध नाही, पंधराव्या दिवशी बाटली आली, मी कोपऱ्यात बसून रडले. बाळ नीट धरलंय का, हे कुणी बघितलंच नाही. रात्री मला उठवत जा गं. मी तुझ्यासाठीच तर झोपते त्या खोलीत.

ए-४०३ लेक, ४:४०
काकूंनी काखेखाली धरायला शिकवलं. पहिल्यांदा गिळल्याचा आवाज ऐकू आला, गट् गट्. अजून दुखतंय, पण सकाळसारखं नाही. बाळ पावणेदोन तास झोपलंय, मीही झोपले. आईनं बेलचं बटण बंद केलंय, कुणी आलात तर दार हळू वाजवा.

सी-२०२, ४:४४
गुरुवारी चौदावा दिवस ना? वजनाला माझ्या गाडीनं जाऊ, ऊन चढायच्या आत. नऊला खाली ये.