मदत हवी आहे: रानमेंढ्यांची लोकर, दिनमान आणि प्रोलॅक्टिन यांचा नेमका संबंध

नमस्कार मंडळी,

ऋतुमान आणि संप्रेरके या विषयावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. उदाहरण म्हणून मुफ्लॉन ही रानमेंढी आणि सोए ही मेंढ्यांची जात निवडली आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटांवरची सोए जात शुद्ध अर्थाने रानटी नव्हे. ती माणसाने नेलेल्या आदिम मेंढ्यांची मोकाट वंशज आहे. तरीही तिची लोकर रानमेंढ्यांप्रमाणेच दरवर्षी आपोआप गळते, आणि दिनमानाच्या परिणामांचा इतका बारकाईने अभ्यास फार थोड्या प्राण्यांवर झाला आहे. टिपणातल्या आकृतीत एका बाणापाशी मी अडलो आहे, म्हणून हा धागा.

सुरुवातीची साखळी मला समजली आहे. दृष्टिपटलावर पडलेल्या उजेडाची खबर मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील जैविक घड्याळाकडे आणि तिथून, मानेतील चेतागुच्छामार्गे, पीनल ग्रंथीकडे जाते. ही ग्रंथी फक्त अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते, त्यामुळे रात्र जितकी लांब तितका मेलाटोनिनचा स्राव अधिक वेळ चालतो, आणि शरीराला ऋतू कळतो तो या कालावधीवरून. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या पार्स ट्यूबरॅलिस या भागात मेलाटोनिनचे ग्राहक (संप्रेरकाचा संदेश टिपणारे रेणू) दाटीने असतात. तिथून निघालेल्या संदेशामुळे शेजारच्या पेशींतून होणारा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा स्राव उन्हाळ्यात चढतो आणि हिवाळ्यात उतरतो. जेराल्ड लिंकन आणि इयन क्लार्क या संशोधकांनी सोए एडक्यांमध्ये हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांच्यातील दुवाच शस्त्रक्रियेने तोडला, तरी दिनमान बदलताच प्रोलॅक्टिन पूर्वीप्रमाणे चढत-उतरत राहिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेले हे काम मला विलक्षण सुंदर वाटते, कारण ऋतूचा संदेश पीयूषिकेतच वाचला जातो, हे त्यातून थेट दिसते.

अडचण पुढे, केशपुटकांपाशी (केस जिथून उगवतो त्या त्वचेतील पिशव्यांपाशी) सुरू होते. पहिल्या आकृतीत मी ‘दिवस आखूड, मेलाटोनिन जास्त, म्हणून लोकर वाढते’ असा सरळ बाण काढला होता. तो चुकीचा आहे हे वाचनातून लक्षात आले. या मेंढ्यांची हिवाळी लोकर थंडीत वाढत नाही. ती उन्हाळ्यात आणि शरदात वाढते, आणि ऐन हिवाळ्यात बहुतेक पुटके विश्रांतीत असताना ती नुसती अंगावर टिकून असते. म्हणजे वाढीचा बराचसा काळ प्रोलॅक्टिन चढलेले असतानाचा आहे, आणि विश्रांतीचा काळ ते उतरलेले असतानाचा. यावरून प्रोलॅक्टिन वाढीला चालना देते असे म्हणावे, तर विल्टशायर जातीच्या मेंढ्यांवरचे प्रयोग उलट बाजूला बोट दाखवतात: आखूड दिवसांनंतर एकदम लांब दिवस दिले की प्रोलॅक्टिन झपाट्याने चढते आणि वाढीत असलेली पुटके वाढ थांबवून विश्रांतीकडे वळतात. शेळ्यांमध्ये ब्रोमोक्रिप्टिन हे औषध देऊन वसंतातला प्रोलॅक्टिनचा चढ दाबला, तर केसगळती लांबणीवर पडते. एकच संप्रेरक गळतीलाही लागते, वाढ थांबवतेही, आणि नवी वाढ होते तीही त्याची पातळी वर असतानाच.

माझा तर्क असा आहे की पुटक पातळीला नव्हे, तर पातळीतील बदलाला प्रतिसाद देत असावे: चढ सुरू होताच जुने चक्र संपते, जुना केस सुटतो आणि त्याच पुटकात नवे चक्र सुरू होते. पुटकाच्या पॅपिलात (बुडाशी असलेल्या उंचवट्यात) आणि केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणात प्रोलॅक्टिनचे ग्राहक आढळतात, त्यामुळे हा परिणाम थेट होत असणे शक्य आहे. परंतु हा तर्क तथ्य म्हणून विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याची माझी तयारी नाही. या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी तो तपासून दिला, तर फार उपकार होतील. बाहेरचे राठ केस देणारी प्राथमिक पुटके आणि आतली मऊ लोकर देणारी दुय्यम पुटके या चढाला एकाच वेळी प्रतिसाद देतात की मागेपुढे, हेही कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न छोटा आहे. मेंढ्यांना कायम लांब दिवसांत ठेवले, तरी काही महिन्यांनी प्रोलॅक्टिन आपोआप उतरते आणि पुढे पुन्हा चढते. म्हणजे आत वार्षिक घड्याळ आहे आणि दिनमान त्याला फक्त ऋतूशी जुळवून देते. आकृतीत हे घड्याळ पार्स ट्यूबरॅलिसमध्येच दाखवावे का? लिंकन आणि सहकाऱ्यांचा २००६ सालचा शोधनिबंध त्या दिशेने जातो, पण नंतरच्या संशोधनाने त्यात भर घातली असल्यास ती मला हवी आहे.

थायरॉइड संप्रेरके, आहार आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्यांमध्ये उशिरा होणारी केसगळती हे विषय टिपणात येतील, पण इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. तूर्त प्रोलॅक्टिन ते केशपुटक हा बाण ‘चालना’ म्हणून काढावा, ‘रोध’ म्हणून काढावा, की एकाऐवजी ऋतूनुसार दोन बाण काढावेत, एवढे कळले तरी अडलेले पान पुढे सरकेल.