गाणं ऐकायला गेलो, ऐकू काय आलं? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, परवा शास्त्रीय गायनाला गेलो होतो. हौसेनं तिसऱ्या रांगेचं तिकीट काढलं, आणि बसलो ते नेमका डाव्या स्पीकरच्या तोंडासमोर. तबला म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखा, तानपुरा तर गायबच. मध्यंतरात उठून मागं मिक्सरवाल्याच्या शेजारी जाऊन बसलो, तर तेच गाणं, तोच राग, पण बाईंचा श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. तुमचं काय?

मागचीरांग
बरोबर केलंत की. तो पोरगा स्वतःला जे ऐकू येतंय त्यावरच आवाज लावतो, मग त्याच्या शेजारी चांगलंच ऐकू येणार. मी तर आता आत शिरल्यावर आधी मिक्सर कुठंय ते बघते.

धाधिंना
मी साथीला बसतो. लोकांना वाटतं आवाज म्हणजे समोरचे स्पीकर, पण खरी भानगड स्टेजवरच्या मॉनिटरची, म्हणजे कलाकारांकडं तोंड करून ठेवलेल्या स्पीकरची असते. एकदा मॉनिटर बंद पडलेला, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून तो जोर लावत गेला, सूर चढला आणि बाहेर लोक म्हणाले आज बुवा बेसूर. बुवांचा काय दोष? त्यात आपल्याकडचा मे महिना, उघड्यावर कार्यक्रम असला की कोरड्या हवेनं पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं ताणतं, तबल्याचा सूर चढतो, हातोडी खाली ठेवायची सोय नाही.

लईभारी
काय बे, मैदानातलं कुणी बोलंना! आम्ही एका मैदानात पार मागं होतो. मागच्यांसाठी मध्ये वेगळे स्पीकर लावलेले, स्टेजपासून साठ-सत्तर मीटरवर असतील. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजचा आवाज 0.2 सेकंद उशिरा येणार, तेवढा डिले मागच्या स्पीकरला द्यायला पाहिजे. दिलाच नव्हता. प्रत्येक ओळ दोनदा, गायकाच्या मागनं त्याचा धाकटा भाऊ गातोय असं. बायको म्हणाली घरी चला, शेंगाचटणी-भाकरी खाऊ.

एकतिकीट
आमच्यावेळी मध्येच लाईट गेली. पंखे बंद, हॉल शांत, गायक थांबलेच नाहीत. पहिल्या पाच रांगा डोळे मिटून डुलायला लागल्या आणि मागनं एकच ओरडा, आवाज! आवाज! मी सोळाव्या रांगेत होतो, मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू.

धाधिंना
:)

सातचेआठ
माझी तक्रार वेळेची. पत्रिकेवर सात, आठपर्यंत हॅलो चेक, वन टू. रात्री 10 ला उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद करायचे असतात, ठराविक दिवसच सूट मिळते, त्यामुळे भैरवी पाच मिनिटांत गुंडाळली. साऊंड चेक दुपारी उरकायला काय होतं?

खटकेवाला
मी साऊंडचंच काम करतो म्हणून सांगतो. दुपारी उरकलं तरी निम्मं काम राहतंच. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून घुमतो, माणसं बसली की कपडे-अंगं तो पिऊन टाकतात, दुपारचं सेटिंग संध्याकाळी बोदं वाटतं. म्हणून पहिली दहा मिनिटं मी कानानं चाचपडत असतो. नेमकं तेव्हाच आयोजक येऊन कानात सांगतात, पाहुणे आलेत, आवाज वाढव. वाढवला की कूंऽऽ करून शिट्टी, आणि सगळा हॉल मागं वळून माझ्याकडं बघतो.