विषय: सिग्नलला थांबलं की एसी गरम (फ्लॅगस्टाफला जाण्याआधी सल्ला हवा)

मंदार (चँडलर, ॲरिझोना):

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा विषय घुसवतोय, सांभाळून घ्या. माझ्याकडे २००९ची जपानी सेडान आहे. फ्रीवेवर एसी एकदम गार. रे रोडवर सिग्नलला उभं राहिलं की थोड्या वेळात कोमट, मग चक्क गरम हवा. तापमानाचा काटाही थोडा वर चढतो आणि गाडी पळायला लागली की जागेवर येतो. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "गॅस भरून बघू, नाहीतर कॉम्प्रेसर." कॉम्प्रेसरचा आकडा ऐकून मी घरी आलो. शनिवारी आई-बाबांना फ्लॅगस्टाफला न्यायचंय. दुकानातून गॅसचा कॅन आणून घरीच भरू का?

शिरीष (गिल्बर्ट):

भर की! १३४-ए, म्हणजे एसीच्या गॅसचा कॅन कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. नळी लो साइडला (एसीच्या कमी दाबाच्या बाजूला) लावायची, काटा हिरव्यात आला की बंद. माझ्या व्हॅनचा एसी तेवढ्यावर सुधारला.

अविनाशकाका (मेसा):

मंदार, थांब. कॅन विकत घेऊ नकोस.

शिरीषच्या व्हॅनमध्ये गॅस खरंच कमी असेल. पण गॅस बराच कमी असता तर फ्रीवेवरही हवा धड गार आली नसती. तुझा एसी पळताना गार आणि थांबल्यावर गरम, वर काटाही त्याच वेळी चढतो. दोन्ही तक्रारी वाऱ्याच्या आहेत. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. कॉम्प्रेसरने दाबलेला गरम गॅस तिथे उष्णता सोडून द्रव होतो. साठच्या वेगात समोरचा वारा ते काम करतो, सिग्नलला फक्त फॅन. फॅन बंद असेल तर दाब चढत जातो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. अशा वेळी आणखी गॅस कोंबला तर दाब अजून वाढेल. आणि त्या कॅनवरचा काटा फक्त लो साइड दाखवतो, हाय साइडला काय चाललंय ते त्याला दिसतच नाही.

संध्याकाळी एवढं कर. इंजिन चालू, एसी फुल, बॉनेट उघड. तुझ्या गाडीला बहुधा दोन फॅन असतील. एसी लावल्यावर थोड्या वेळात दोन्ही फिरायला हवेत. ओढणी, बाही, बोटं लांब. फॅन कधीही अचानक सुरू होतो. एखादा गप्प असेल तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच). फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. त्याच नंबरचा दुसरा रिले, म्हणजे बहुतेक हॉर्नचा, तिथे लावून बघ. मग फॅनचा कनेक्टर काढून टेस्ट लाइट (वीज येते का ते दाखवणारा दिवा) लाव.

रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनवर उघडायचं नाही. झाकणाच्या दाबामुळे कूलंट उकळत नाही. दाब सुटला की तेच कूलंट उकळून अंगावर येतं.

आणि शिरीष, गॅस किती आहे ते काट्यावरून ठरत नाही. गाडी सावलीत तासन्‌तास बंद उभी असेल आणि ३८ अंश सेल्सियस तापमान असेल, तर १३४-ए चा दाब साधारण १२४ पीएसआय दिसतो. त्यावरून आत द्रव शिल्लक आहे एवढंच कळतं. पाव असो की पूर्ण, काटा तोच. म्हणून जुना गॅस काढून बॉनेटखालच्या लेबलवरच्या वजनाइतका मोजून भरतात. 'लीक बंद करणारा' कॅन तर आणूच नका. तो माल सिस्टीममध्ये आहे म्हटलं की पुष्कळ गॅरेजवाले आपलं गॅस काढायचं-भरायचं मशीन लावायला तयार होत नाहीत.

मंदार:

काका, उजवा फॅन ढिम्म. फ्यूज ठीक, रिले बदलून फरक नाही. कनेक्टर काढला तर एक पिन काळी, प्लास्टिक वितळलेलं. टेस्ट लाइट लागतो. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "पुण्यात असतो तर मेकॅनिकने फॅन डायरेक्ट बॅटरीला जोडून दिला असता." करू का?

अविनाशकाका:

बाबांना नमस्कार सांग. डायरेक्ट फॅनवर पुण्यात कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं चालल्या, त्यांचं खोटं नाही. पण पिन उगाच वितळत नाही. एक तर ती सैल होऊन तापली, नाहीतर मोटर जड होऊन जास्त करंट ओढतेय. जड मोटर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलीस तर पुढची पाळी वायरची.

दिवा लागला म्हणून कनेक्टर चांगला असंही समजू नकोस. टेस्ट लाइटला चिमूटभर करंट पुरतो, मोटरला तेवढा पुरत नाही. मोटरला फ्यूज घातलेल्या जाड वायरने काही सेकंद बॅटरीवरून १२ व्होल्ट दे. फिरली नाही तर मोटर गेली. जोरात फिरली तर दोष कनेक्टरचा. मोटर बदललीस तरी जुना जळका कनेक्टर तिला लावू नकोस, नवीनही तसाच जळेल.

शुभदा (टेम्पी):

काका, माझ्या २०२२च्या गाडीला एकच मोठा फॅन आहे आणि गाडी बंद केल्यावरही तो घुमत राहतो. बिघडलाय का?

अविनाशकाका:

शुभदा, नाही गं. उन्हातून आल्यावर थोडा वेळ फिरून थांबत असेल तर ठीक आहे. सकाळी थंड इंजिनवर, एसी न लावताही पूर्ण वेगात गर्जत असेल तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घे. सेन्सरचा आकडा पटला नाही की बऱ्याच गाड्यांचा कंप्युटर सावधगिरी म्हणून फॅन फुल सोडतो. तुझ्या गाडीत १२३४-वायएफ गॅस असणार, शिरीषचा कॅन तुझ्या कामाचा नाही.

मंदार:

मोटर गेली होती. मोटर आणि कनेक्टर दोन्ही बदलले. काल भर दुपारी रे रोडवर उभा राहिलो, हवा गार, काटा जागेवर. शनिवारी निघू ना?

अविनाशकाका:

निघा, पण पहाटे. ब्लॅक कॅनियन सिटीपासून सनसेट पॉइंटपर्यंतच्या चढावर काट्यावर लक्ष ठेव. तिथे वेगात गाडी तापली तर फॅनला दोष देऊ नकोस. वारा भरपूर असतो. मग कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट, पंप, नाहीतर धुळीच्या वादळांनी बुजलेली कंडेन्सर-रेडिएटरची जाळी, हे बघायचं. जाळी उद्याच इंजिन थंड असताना आतल्या बाजूने हलक्या पाण्याने धुऊन टाक, प्रेशर वॉशर नको, पत्रे वाकतात. काटा चढायला लागलाच तर एसी बंद, हीटर फुल (तो इंजिनची उष्णता ओढून घेतो), काचा खाली. आईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या म्हणतील पोरगा वेडा झाला. तरीही उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद कर.