विडी सोडायची आहे: क्विटलाइन आणि निकोटीन गम

प्रश्न: वडिलांच्या दिवसाला 20 विड्या होतात, पहिली उठल्या उठल्या. निकोटीन गम आणला, पण घसा जळजळतो, उचक्या लागतात आणि तलफ काही जात नाही. काय चुकतंय? मराठीतून सल्ला कुठे मिळेल?

उत्तर 1: चघळण्यातच चुकतंय. साध्या च्युइंगगमसारखा सलग चघळला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, म्हणून उचक्या आणि मळमळ. आठ-दहा वेळा हळू चावायचं, जिभेला चुणचुण जाणवली की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चुणचुण गेली की पुन्हा चावायचं, जागा बदलायची. एक गम साधारण अर्धा तास. त्याआधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको. आंबटपणामुळे निकोटीन तोंडात शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा झाला की लगेच गम, तिथेच गाडी अडते!

उत्तर 2: उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागते, म्हणजे 2 मिलिग्रॅम निकोटीनचा गम कमी पडत असेल. 4 मिलिग्रॅमचं डॉक्टरांना विचारा; नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल तर आधीच विचारा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी गम, तलफेची वाट न बघता.

सल्ल्यासाठी 1800-11-2356, राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन, फोन मोफत. तंबाखूच्या पाकिटावर हाच नंबर छापलेला असतो. मराठीतून बोलायचंय असं सुरुवातीलाच सांगा.

उत्तर 3: आणि विडीऐवजी मिश्री नको हं. हिरडीतूनही निकोटीनच जातं.