मदत हवी: एनए (बिगरशेती) ले-आऊटमधला आतला रस्ता नक्की किती मीटर हवा?

बांधावरची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, नगरपरिषदेचं. हद्दीच्या आतच, पण गावाच्या अगदी टोकाला, दोन एकर दहा गुंठ्यांचा ले-आऊट पडला. त्यात अडीच गुंठ्यांचा प्लॉट आम्ही २०२२ च्या दिवाळीत घेतला. मागच्या वर्षी वास्तुशांत करून राहायला आलो. प्लॉट शेवटच्या रस्त्यावर, शेवटून दुसरा. तेव्हा वाटलं, बरं झालं, रहदारी नाही.

रस्ता असा आहे: मोठ्या रस्त्यावरून आत आलं की सरळ ९५ मीटर, मग काटकोनात डावीकडे वळून १२० मीटर, आणि पुढे विटांची भिंत. भिंतीपलीकडे उसाचं रान. वळायला जागा नाही. पाण्याचा टँकर १२० मीटर उलटा बाहेर काढावा लागतो. गेल्या मे महिन्यात एकाने आमच्या गेटचा खांबच पाडला. तेही चाललं असतं. पण श्रावणात रात्री दोन वाजता सासूबाईंना अ‍ॅटॅक आला, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडली, कारण समोरच्यांची गाडी उभी होती आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटची भिंत अगदी टोकदार काटकोनात बांधलेली आहे. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं. घोटाभर पाण्यातून. त्या बऱ्या आहेत आता.

ह्यांनी टेप लावून मोजलं. डांबर साडेपाच मीटर भरतं. ब्रोशरवर छापलंय, '३० फुटी प्रशस्त रस्ते'. ज्यांनी ले-आऊट टाकला त्यांना विचारलं तर उत्तर आलं, "ताई, दीडशे मीटरपर्यंतच्या रस्त्याला नऊ मीटर चालतो. तुमचे दोन्ही रस्ते दीडशेच्या आत आहेत. सगळं नियमातच बसवलंय."

माझे प्रश्न: हे खरं आहे का? रस्ता असा भिंतीवर संपवता येतो का? आणि तक्रार नक्की कुठे करायची? नगरपरिषदेत गेले तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात.

फटकळ_तात्या

प्लॉट घेताना बघायला नको का? तेव्हा रस्ता दिसला नव्हता?

बांधावरची

तात्या, तेव्हा तिथे ज्वारीचं खोडकं होतं आणि चुन्याच्या रेघा. रेघांमध्ये भिंत दिसत नाही.

चुनाफक्की

ताई, मी तीस वर्षं मोजणीच्या कामात काढली, आता घरी बसून आहे. आधी दोन गोष्टी सांगा. ले-आऊटची मंजुरी कोणत्या तारखेची? आणि टेप कुठून कुठे लावला?

तारीख अशासाठी, की राज्यातली एकत्रित नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती डिसेंबर २०२० पासून लागू झाली. मुंबई आणि मोजके अपवाद सोडले तर सगळीकडे तीच. त्याआधीची मंजुरी असेल तर जुने तक्ते बघावे लागतील, आणि त्यात लांबी-रुंदीचे आकडे वेगळे असू शकतात.

टेपचं म्हणाल तर ९० टक्के लोक डांबर मोजतात आणि तिथेच फसतात. ले-आऊटच्या नकाशातली रस्त्याची रुंदी म्हणजे या बाजूच्या प्लॉटच्या हद्दीपासून त्या बाजूच्या प्लॉटच्या हद्दीपर्यंत. त्यात गटार आलं, खांब आले, साइडपट्टी आली. साडेपाच मीटर डांबर ही एवढ्यावरून चूक ठरत नाही. पुन्हा मोजा, कंपाउंड ते कंपाउंड. दर दहा मीटरवर एक माप घ्या आणि वहीत लिहा. एकच माप घेतलंत तर समोरचा म्हणेल, नेमकं अरुंद ठिकाण धरलं.

नकाशात_राहतो

चुनाफक्की काकांच्या पुढचं लिहितो. मी ड्राफ्ट्समन आहे, असे ले-आऊट रोज काढतो, त्यामुळे ही 'दोन्ही रस्ते दीडशेच्या आत' वाली युक्ती चांगली ओळखीची आहे.

मंजुरी २०२० नंतरची धरली तर राहण्याच्या ले-आऊटमध्ये आतल्या रस्त्याची लांबी १५० मीटरपर्यंत असेल तर रुंदी ९ मीटर, १५० च्या वर ३०० पर्यंत १२ मीटर. इथपर्यंत त्यांचं बरोबर. पण लांबी कशी धरायची हेही नियमात दिलंय. मुख्य आतला रस्ता मोजताना सगळ्यात लांबच्या प्लॉटपासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतचं अंतर धरतात. तुमच्याकडे ते ९५ अधिक १२०, म्हणजे २१५ मीटर. फाट्याचा रस्ता मात्र जिथून फुटतो तिथपासून, तो ज्या जास्त रुंद रस्त्याला मिळतो तिथपर्यंत मोजतात.

आता हिशोब लावा. पहिला ९५ मीटरचा तुकडा मुख्य रस्ता, तो १२ मीटर हवा. तुमच्या दारातला १२० चा तुकडा त्या १२ मीटरच्या रस्त्याला मिळतो, म्हणून त्याला ९ मीटर चालतो. दोन्ही नऊ केले तर 'जास्त रुंद' रस्ताच उरत नाही आणि सगळं गणित कोसळतं.

हा घोळ घालतात कशासाठी? ९५ मीटर गुणिले ३ मीटर म्हणजे २८५ चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. पावणेतीन गुंठे, म्हणजे तुमच्या प्लॉटपेक्षा मोठा एक अख्खा प्लॉट रस्त्यातून निघतो. तुमच्या गावातला भाव तुम्हीच लावा.

भिंतीबद्दल: पुढे न जाणारा बंद रस्ता नियमात बसतो, पण अटी कडक आहेत. फक्त राहण्याच्या भागात, फक्त सरळ रस्त्यावर, साधारण १५० मीटरपर्यंत. त्यापुढे जास्तीत जास्त २७५ पर्यंत, पण १५० वर गाडी वळवायला आणखी एक जागा ठेवून. वळायची जागा ८१ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि तिची कोणतीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. आणि एक अट जी बहुतेकांना माहीत नसते: बंद टोक हे सुरुवातीच्या टोकापेक्षा उंचावर हवं. घोटाभर पाणी म्हणालात ना, ते कशामुळे ते बघा. एका कोपऱ्यात पाण्याची बाटली आडवी ठेवली तरी उतार कळेल.

काटकोनी कोपऱ्याचंही तसंच. रस्ते काटकोनात मिळतात तिथे कोपरा गोल करायचा असतो, आणि गोलाई रस्त्याच्या निम्म्या रुंदीइतक्या अंतरावरून सुरू होते. नऊ मीटरला साडेचार. घंटागाडी, अ‍ॅम्ब्युलन्स, टँकर या सगळ्यांचं वळण त्या साडेचार मीटरवर अवलंबून असतं. तिथे भिंत टोकापर्यंत नेली की कोपऱ्यावरच्याला चार फूट बाग मिळते.

मला मात्र वेगळाच संशय आहे. तुमचा रस्ता मंजूर नकाशात बंद नसावाच. शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी आपले रस्ते जुळवून घ्यायचे, असा नियम आहे, त्यामुळे असे रस्ते नकाशात सहसा हद्दीला भिडवून उघडे सोडतात. मग जागेवर कुणीतरी भिंत घालतं, म्हणजे पलीकडच्या शेतकऱ्याला आपल्या रस्त्याचा फायदा फुकट मिळू नये. भिंतीऐवजी फूटभर पट्टी स्वतःच्या नावावर ठेवणारेही पाहिलेत.

ब्रोशरवरचा रंगीत नकाशा बाजूला ठेवा. शिक्क्याचा नकाशा मिळवा.

बांधावरची

मंजुरी जून २०२२ ची आहे, खरेदीखतात क्रमांक सापडला. शिक्क्याचा नकाशा मात्र आमच्याकडे कधीच नव्हता. मागितला तर म्हणाले, "ऑफिसात आहे, या कधीतरी."

वकीलीण_बाई

कधीतरी जाऊ नका. माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. 'रस्त्याची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. अमुक सर्व्हे नंबर, अमुक मंजुरी क्रमांक, त्याचा मंजूर रेखांकन नकाशा, मंजुरीपत्र सर्व अटींसह, आणि अंतिम मंजुरी झाली असेल तर तिची प्रत, सगळ्याच्या साक्षांकित प्रती. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील.

अंतिम मंजुरी मुद्दाम लिहिलंय. पहिली मंजुरी तात्पुरती असते. रस्ते, गटारं, वीज, पाणी जागेवर होऊन मोजणी झाली की अंतिम. अंतिम झालीच नसेल तर तुमचं पारडं जड आहे, कारण त्यांचं काम अजून नगरपरिषदेत अडकलेलं आहे.

दुसरं, महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघा. प्लॉट पाडून विकणंही रेरात येतं, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असेल तर. महारेराच्या साइटवर त्यांनी स्वतः चढवलेला नकाशा दिसतो. तो आधी उतरवून घ्या, आजच.

फटकळ_तात्या

आज म्हणजे आजच, ताई. हे मात्र पटलं.

बांधावरची

(सहा आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतेय.

नकाशा मिळाला. एकतिसाव्या दिवशी अपिलाचा अर्ज टाइप करून घेतला आणि बत्तिसाव्या दिवशी पाकीट आलं. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि पहिल्यांदा ९५ मीटरच्या रस्त्यावरचा आकडा बघितला. १२.०० मीटर. आमच्या दारातला ९.००. म्हणजे नकाशात_राहतो यांनी इथे बसून जे सांगितलं तेच शिक्क्यासकट निघालं. रस्ता पूर्वेच्या हद्दीला उघडा आहे, तिथे बाण काढलाय आणि शेजारच्या गटाचा नंबर लिहिलाय. भिंत नकाशात नाही. कोपरा गोल आहे. आणि प्लॉट २३ आहेत. ब्रोशरवर २४. चोविसावा '१४-अ'.

१४-अ ज्यांनी घेतलाय ते माझ्या शाळेतले सहकारी. पीएफ काढून घेतलाय त्यांनी. त्यांना अजून काही बोलले नाही. हिंमत होत नाही.

आता मापं. दोन रविवार लावून दर दहा मीटरवर घेतली. पहिला रस्ता कंपाउंड ते कंपाउंड ९.१० च्या आसपास, कुठेच १२ नाही. आमचा रस्ता सुरुवातीला ८.९०, मध्ये ८.४०, आमच्या दारात ७.८०.

आमच्याच दारात सगळ्यात कमी का, म्हणून बघितलं. आमचं गेट बरोबर हद्दीवर आहे. पण स्कूटर आत घ्यायला केलेला रॅम्प ६० सेंटिमीटर बाहेर आलाय. समोरच्यांच्या दोन पायऱ्या ५० सेंटिमीटर. आणि मी इथे येऊन रस्त्याच्या नावाने बोंब मारतेय.

चुनाफक्की

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मानलं तुम्हाला. रॅम्प आधी काढा, तक्रार मग करा. पाहणीला माणूस आला की पहिला फोटो तुमच्याच दाराचा निघेल.

दुसरं, तुमची मापं तुमच्यासाठी. कागदावर टिकायला भूमी अभिलेखची मोजणी लागते. 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा सरकारी नकाशा, हातात आली की मग कुणी 'तुमचा टेप ढिला होता' म्हणू शकत नाही. एकट्याने भरू नका, आठ-दहा प्लॉटवाले मिळून भरा. फीही वाटली जाते आणि अर्जाला वजनही येतं. आणि भिंतीला कुणी हात लावू नका. रात्री जेसीबी आणायची भाषा कुणी केली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

वकीलीण_बाई

आता दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार: मंजूर नकाशाच्या विरुद्ध विकास झालाय, नगररचना अधिनियम १९६६ खाली कारवाई करा. सोबत नकाशा, मापांचा तक्ता, भिंतीचे फोटो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अंतिम मंजुरी झाली का, ते पाकिटातून कळलं का?

महारेरात वेगळी तक्रार. मंजूर नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, कलम १४. तुमची कुणाची सही घेतली होती का? आणि त्याच कलमात ताब्यापासून पाच वर्षांत सेवासुविधांमध्ये दोष निघाला तर तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकलीय. पाणी साचणं तिथे बसवता येईल.

सहकाऱ्यांना तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. १४-अ नकाशातच नसेल तर सगळ्यात मोठी फसवणूक त्यांची झालीय. ते तुमच्या विरुद्ध नाहीत, तुमच्या बाजूचे पहिले तक्रारदार आहेत.

बांधावरची

अंतिम मंजुरी नाही. पत्रात स्पष्ट लिहिलंय, 'अंतिम मंजुरीचा प्रस्ताव प्राप्त नाही'. सही कुणाचीच घेतलेली नाही, मी घरोघरी विचारलं. मोजणीला अकरा घरं तयार आहेत.

काल सरांकडे गेले होते. नकाशा त्यांच्यासमोर धरला. बराच वेळ बोललेच नाहीत, १३ वर बोट ठेवलं, मग १४, मग १५, आणि परत मागे. मग बायकोला म्हणाले, चष्मा दे गं. तक्रारीवर त्यांनी माझ्याआधी सही केली.

गवंडी उद्या येतोय रॅम्प फोडायला. समोरच्या वहिनींनी विचारलं, कशाला फोडता चांगला? सांगितलं. म्हणाल्या, बघते ह्यांना विचारून. त्यांच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या आहेत.

एकच विचारायचं राहिलं: मोजणी नियमित भरायची की द्रुतगती? ऊस तोडणी सुरू झाली की शेजारच्या रानात हद्दीचे दगड दिसतील, तोपर्यंत थांबू का?

चुनाफक्की

द्रुतगती भरा, पण तारीख तोडणीनंतरची येईल असं बघा. उसात दगड शोधायला गेलेला मोजणीदार मी स्वतः होतो. साप निघाला, दगड नाही.